लेकीच्या घरचं रिकामं पान

मंडळी, बसलात ना नीट? ते खांबाला टेकलेले काका, पुढे या. खांब पडणार नाही, मी बघतो त्याच्याकडे!

आज आख्यानाला लागायच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, आतल्या आत चघळा. पोट तुडुंब भरलंय, ढेकर आलाय, बोटं चाटून झालीत – आणि तरी जीव जाग्यावर नाही! असं का होतं हो? भूक तर भागली. मग आत कोण येरझाऱ्या घालतंय?

ऐका तर मग. मिरजेला अच्युतराव दीक्षित नावाचे एक गृहस्थ. हायस्कुलात पीटीचे सर. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही! घरात बायको भाजी चिरतेय, तर हे म्हणणार, "नलिनी, पाठ ताठ." आयुष्यभर पोरांना 'विश्राम' म्हणून ओरडले, स्वतःला विश्राम माहीत नाही. जेवायला बसले की डोळा घड्याळावर, देवळात गेले की डोळा चपलांवर. हसू नका, तुम्ही आत्ता कुठे बघताय ते मला इथून दिसतंय!

ह्यांना एकुलती एक लेक, वृंदा. ती दिली मदुरैला. म्हणजे यांनी दिली नाही, तिनंच ठरवलं. जावई सेंदिल, बँकेत, माणूस सोन्यासारखा. सरांनी थोडा आरडाओरडा केला, मग अक्षता टाकल्या. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लेकीच्या घराची पायरी चढले नाहीत. तीच यायची माहेरी. शेवटी नलिनीबाईंनी हट्ट धरला – "दोन दिवस तर दोन दिवस, पण चला." निघाले.

सकाळी मदुरैला उतरले. लेकीनं काय काय केलं असेल? बाप येणार म्हणून पहाटे उठून पुरण शिजवलेलं. सासूबाई, कामाक्षीअम्मा, त्यांनी पोंगल, म्हणजे आपली मुगाची खिचडीच, रटरटत ठेवलेला, वर तूप, मिरे, काजू. आत केळीचं ताजं पान धुऊन ठेवलंय. पाण्याचा पेला घेऊन वृंदा पुढे आली, "बाबा, पाणी."

सरांनी हात मागे घेतले! "अगं, पाणी कसलं? विसरलीस? लेकीच्या पदरात मूल पडेपर्यंत तिच्या घरी बापानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आपल्या घराण्याची रीत. तुझं बाळ मांडीवर घेईन आणि मग बघ, असा मांडी घालून जेवेन की तुझी सासू थकेल वाढून!"

आणि गडगडाटी हसले. मनात खोट नव्हती हो, आशीर्वाद म्हणूनच बोलले. पण वृंदाचा हात पेल्यावर तसाच राहिला. मग तिनं पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं बाबा." एवढंच. नलिनीबाईंनी लेकीकडे बघितलं, लेकीनं आईकडे. दोघींनी नजर काढून घेतली. हे 'बरं बाबा' लक्षात ठेवा. त्याची गाठ आपल्याला पुढे सोडवायची आहे.

आता रीत पाळायची म्हणजे जेवायचं कुठे? बाहेर! मदुरैसारखं गाव, आणि रीतीनं सरांना गावभर खायचा परवानाच दिला. वाहवा! बायकोला म्हणाले, "चल, शहर बघू." शहर कसलं, खानावळी!

पहिल्यांदा इडली. हिरवी चटणी, पांढरी, लाल, आणि एक तपकिरी, तिचं नाव कोणी सांगेना. पानावर इडली पडते ती धुरासकट. सर म्हणाले, "इडली अशी असते होय? मग मिरजेत मी आजवर काय खात होतो?" झालं, कॉफी. पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून धार. सरांनीही तशीच धार धरली, निम्मी धोतरावर! पुसलं आणि उठले. "चल, पुढे."

पुढे पणियारम. आपले आप्पेच हो, फक्त नाव परगावचं. त्यापुढे जिगरठंडा – दूध, सरबत, आइस्क्रीम आणि बुडाशी डिंकाचे गोळे. त्यापुढे एका गाडीवर म्हातारा काहीतरी काळपट गरम ओतत होता. विचारलं, तर सरकीचं दूध! सरकी! आपल्याकडे म्हशीला घालतात ती! गूळ घातलेला, सुंठ घातलेली. सरांनी दोन पेले रिचवले. नलिनीबाई म्हणाल्या, "आता धारही काढू का?"

पण मंडळी, एक गंमत बघा. घास तोंडात आहे तोवर सर खूश. घास उतरला की चुळबुळ. "इथलं काही खास नव्हतं, पलीकडे चांगलं मिळत असेल." पलीकडे गेलं की, "मघाचंच बरं होतं." उठ, चल, रिक्षा थांबव, पुन्हा उठ. मी एक ओळ केली आहे यावर. माझीच आहे, कोणा संताच्या नावावर खपवत नाही. पेटीवाले, सूर धरा –

धावे जिभेमागे, पोट झाले जड ।
मनी परवड, सरेचि ना ॥

संध्याकाळी घरी आले. सेंदिल कामावरून आलेला, कामाक्षीअम्मांनी पान मांडलेलं. वृंदा म्हणाली, "बाबा, नुसतं ताक?" सर पोटावरून हात फिरवत म्हणाले, "जागाच नाही गं. बाहेर जेवून आलो. आणि रीत ती रीत." अम्मा तमिळमध्ये सुनेला काहीतरी पुसत्या झाल्या. वृंदानं काहीतरी सांगितलं. अम्मांनी सरांकडे बघितलं, मग त्या पानाकडे, आणि पान उचलून आत नेलं. त्या माउलीला वाटलं, आमच्या हातचं या लोकांना चालत नसेल.

सर त्या रात्री म्हणे चांगले झोपले. नलिनीबाई झोपल्या नाहीत.

दुसरा दिवस, संध्याकाळची परतीची गाडी. सकाळपासून सरांची धांदल. "अजून भाताची ती मोठी पंगत राहिली, अजून ती कुरकुरीत वड्याची जागा राहिली." निघताना वृंदा म्हणाली, "बाबा, आज दुपारी मी स्वतः करतेय. बसा तर नुसते पानावर. खाऊ नका वाटल्यास." सर चप्पल घालत म्हणाले, "अगं, बसलो की भूक लागते. रीत मोडायला लावतेस काय? लवकर नातू दे, मग बसतो!" आणि निघाले.

दुपारी भाताची पंगत झाली – सांबार, रसम, दही, पापड, आणि पायसम, म्हणजे खीर. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आता वडा." गावात एक मोठा चौकोनी तलाव आहे, तेप्पकुळम म्हणतात. त्याच्या दगडी पायऱ्यांवर नलिनीबाई बसल्या. उठेनात.

"चल ना, वडे संपतील."

"संपू देत."

"दमलीस?"

"अहो, मी आज वृंदाकडे जेवणार आहे."

"जेवलीस की आत्ता! आणि रीत?"

नलिनीबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "ती आई होणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आता नाही. वर्ष झालं सांगून."

सरांच्या हातात वड्याच्या गाडीचा पत्ता लिहिलेला कागद होता. तो खाली पडला.

"मग मला कुणी सांगितलं नाही?"

"ती म्हणाली, बाबांना सांगू नको, बाबा आशेवर आहेत." पुढचं बोलायला त्यांनाही धीर लागला. "आणि सांगायला तुम्ही थांबता कुठे? कालपासून तुम्ही चारदा तिच्या तोंडावर म्हणालात, मूल झालं की जेवेन. तिला काय ऐकू आलं असेल? बाबा माझ्या घरी कधीच जेवणार नाहीत. हेच ना?"

मंडळी, सोडवली गाठ? काय होतं ते 'बरं बाबा'? आपण आशीर्वाद देतो आणि समोरच्याच्या काळजात तो सुरीसारखा जातो, आणि आपण हसत हसत पुढच्या हाटेलात जातो!

सर उठले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस सावकाश चालला. रिक्षाला हात केला नाही. वाटेत ती इडली, ती कॉफी, ते सरकीचं दूध, सगळी दुकानं आली, आणि एकाकडेही मान वळली नाही. बाई मागे, सर पुढे, आणि सरांचे ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी! पीटीच्या मास्तराला हुकूम येतात, माफी येत नाही.

घरी आले. वृंदानं पान मांडून ठेवलेलं होतं. भाताची वेळ टळून गेली होती, पान कडेनं वाळायला लागलं होतं. ती ते उचलायलाच वाकली होती. सर म्हणाले, "राहू दे." आणि बसले. मांडी घालून बसले.

"बाबा, रीत?"

सरांनी वाटेत एक वाक्य घडवलं होतं, फार चांगलं. ते म्हणाले, "रीत मोडत नाही मी. तुझ्या घरी मूल हवं ना? मीच आहे तुझं मूल. म्हातारपणी बाप लेकरूच होतो. भरव मला."

वा! टाळी द्यावी असं वाक्य! आमच्यासारखा कीर्तनकार असता तर इथेच आरती लावली असती. पण लेक काय म्हणाली? ती म्हणाली, "नाही बाबा. मूल नाही म्हणून रडून झालंय माझं. आता त्या जागी कुणाला बसवू नका, तुम्हीही बसू नका. मला मूल नकोय तुमच्यात. मला बाप हवाय. बापासारखं जेवा."

सरांच्या घडवलेल्या वाक्याचा पार भुगा झाला. खाली मान घातली, म्हणाले, "चुकलो गं." बस, एवढंच निघालं तोंडातून, आणि तेवढंच पुरे होतं.

कामाक्षीअम्मा आतून आल्या. वाळलेलं पान काढलं, नवं टाकलं, वर पाण्याचा शिपका मारला आणि काहीतरी म्हणाल्या. तमिळ सरांना येत नाही, मलाही येत नाही. पण पानावर पाणी शिंपडलं म्हणजे बसा, जेवा, हे कुणालाही कळतं.

आता विचार करा! त्या पोटात पंगतीचा भात, पापड, पायसम! घशापर्यंत भरलेला माणूस. पुरणाची पोळी पडली, खाल्ली. भात पडला, खाल्ला. अम्मा दहीभाताची पळी घेऊन उभ्या. आपल्याकडे 'नको नको' म्हणायचं आणि वाढून घ्यायचं. पण तिथे नको म्हटलं की हात थांबतो. सर एकदम म्हणाले, "वाढा." आणि दहीभात खाल्ला. घामाच्या धारा! पण त्या माणसाची चुळबुळ थांबली होती. घड्याळ भिंतीवर होतं, गाडीची वेळ जवळ येत होती, आणि सर शेवटचा घोट ताक घेईपर्यंत हलले नाहीत. लेक समोर बसून बघत होती. नलिनीबाईही तिच्याशेजारी पान घेऊन बसल्या.

कळलं मघाच्या प्रश्नाचं उत्तर? दोन दिवस तो गावभर जेवला, पण जिथे त्याची वाट बघत होते तिथे जेवला नाही. म्हणून पोट भरलं आणि जीव फिरत राहिला.

आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका. रीत वाईट म्हणत नाही मी. पण जी रीत पाळताना आपल्याला चैन आणि दुसऱ्याला दुखणं, ती रीत कसली, ती तर आपली सोय! तुम्ही कुणाला 'आम्ही तुमच्याकडे खात नाही' म्हणताय? कुणाला 'आधी हे होऊ दे, मग येऊ' म्हणताय? सून, जावई, भाऊ, दुरावलेला मित्र – कुणाच्या दारात तुमचं पान मांडून ठेवलंय, आणि तुम्ही पोटावरून हात फिरवत म्हणताय, जेवून आलो?

आता आरती होईल, मग प्रसाद. ज्याला कुणाचं पान आठवलं असेल, त्यानं प्रसादासाठी थांबू नये, उठावं आणि त्या घरी जावं. इथला देव थांबेल. त्याला वाट बघायची सवय आहे. त्या घरातल्या माणसाला ती सवय लागू देऊ नका.