दीड तासाचं पुणं

वर्ध्याच्या फलाटावर जिथे पूर्वी कापसाच्या गाठी रचलेल्या असत, तिथेच दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर चाकांचा लाकडी बैल होता.

"मनकर्णाबाई, परवा पोरांचा तान्हा पोळा, अन् बैल घेऊन कुठी चालल्या?"

"पुण्याले, नातवाकडं."

"काऊन? कैलास त्याले घेऊन येणार होता ना?"

"दरसाली म्हणते, आई, विमानानं नागपूर दीड तासाचं. केव्हाही येता येते."

"मग?"

"केव्हाही येता येते, म्हणून तीन वर्षं राह्यलं. पोरगं सात वर्षांचं झालं. मोठं झाल्यावर कोण बैल ओढते?"

"रेल्वेनं तर चौदा तास लागते."

"लागू दे."

"कैलासले सांगतलं का?"

"नाई. सांगतलं तर म्हणन, आई, कायले त्रास घेतं, मीच येतो."