नाखवा ऑनलाइन आहे

—नाही रे, दुसरं कोणी नाही. आईच. आत्ता तुझा चेहरा झालाय ना, तसाच माझा झाला होता मे महिन्यात. बस तू. तिथे नको, तिथे पंख्याचा वारा येत नाही, इकडे खाटेवर बस. आणि मी तुला तूच म्हणते हं, मी मितेशची थोरली बहीण, त्याचा मित्र म्हणजे माझ्याहून लहानच असणार. सिद्धेश ना? 'आमचा सिद्धेश, मुलुंडचा' — फोनवर यायचं तुझं नाव. मला वाटायचं, ऑफिसातला असेल. तुम्ही दोघं एकमेकांना कधी भेटलाच नव्हतात हे आज कळतंय. चार वर्षांची दोस्ती आणि पहिल्यांदा घरी येतोयस तर दारावर विचारतोस, 'मितेश कोळी खरंच गेले का?' खरंच गेला. ऑक्टोबरात. डेंग्यू, पाच दिवस. फोटोला हार बघतोयस ना? मग. पण तुझं चूक नाही. मेलेला माणूस खेळात रोज दुपारी तीन वाजता गळ टाकून बसला, तर कोणीही येईल बघायला.

मला काय वाटलं होतं सांगू? वाटलं होतं, दार उघडताच आई गळ्यात पडेल, आणि मी तिला सावरीन. सहा वर्षं नॉर्वेत काढली मी — मासेमारीचं शास्त्र, किती पकडायचं, कधी थांबायचं, जाळीचा डोळा केवढा ठेवायचा — ते सगळं घेऊन मी येणार आणि हा अख्खा कोळीवाडा सुधारणार. हसू नकोस. हसलास तरी चालेल म्हणा. विमानात यादी केली होती मी. पहिली ओळ 'आईला बोलतं करणे', दुसरी 'पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचं महत्त्व पटवणे'. आणि घडलं काय? तिने दार उघडलं, बॅगेकडे बघितलं, म्हणाली, "हात धू. ताट झाकून ठेवलाय." आणि आत गेली, पडदा ओढला. मी इथे, तू बसलायस तिथेच, भात कालवत होते आणि आतून तिचा आवाज आला — "जेवलास काय रं? आज वारा हाय काय तिकडं?" घरात आम्ही दोघीच. उष्ट्या हातानेच उठले मी.

पडदा सारला तर ती गादीवर मांडी घालून बसलेली, चष्मा नाकावर, हातात मितेशचा टॅब. आजारपणात तो त्यावरच खेळायचा, बसवत नव्हतं ना कॉम्प्युटरपुढे. खेळ तसाच उघडा राहिला होता. पासवर्ड लागला नाही, काही नाही. स्क्रीनवर एक तळं, मागे डोंगर, आणि काठावर निळ्या अंगरख्यातला एक माणूस गळ टाकून बसलेला. डोक्यावर नाव — नाखवा. म्हणजे बोटीचा धनी, बाबांना म्हणायचे लोक. बोट होती आमची तेव्हा. बाबा गेल्यावर ती विकली आणि आईने मितेशकडून शपथ घेतली, समुद्रावर पाय ठेवायचा नाही. नाही ठेवला बिचाऱ्याने. अंधेरीला एमआयडीसीत नोकरी धरली, दिवसभर कॉम्प्युटर, घरी आल्यावर परत कॉम्प्युटर — हजारो माणसं एका वेळी एका जगात, प्रत्येकाचं आपलं बाहुलं, राक्षस मारायचे, टोळ्या करायच्या, घरं बांधायची — तुला मी काय सांगतेय, तूच तर म्होरक्या! — आणि तिथे जाऊन बाबांचं नाव घेतलं त्याने. आई मासळी विकून बाजारातून आली की त्याच्या पाठीमागे बसायची, आणि तो तिच्यासाठी तलवार ठेवून गळ काढायचा. "आय, बघ, माशे मारतो." ती करवादायची, "गळ असा धरतात काय? वारा नाय, भरती नाय, आणि मासा कसा येल?" पण येतो ना तिथे. बटण दाबलं की येतो.

ते एक बटण शिकली ती, आणि एक बोलायचं. बाकी काही नाही. राक्षस आला तर टॅब उलटा ठेवते, गेला असेल असं वाटलं की सरळ करते. तुमचा तो तळ्याकाठचा दुकानदार आहे ना, पगडीवाला, मासे विकत घेणारा — त्याच्याशी भाव करते! "मेला बोलतच नाय, एकच भाव धरून बसलाय, असा माणूस वेसाव्याच्या बाजारात एक दिवस टिकायचा नाय." आणि ते जांभळ्या शेपटीचे मासे, त्यांची नावं तिला मान्य नाहीत. तिच्या हिशेबी तो मुडदूस, आणि तो दुसरा, काटेवाला, तो शिंगाळा. मी विचारलं, आई, हे कशासाठी? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो तिथं एकटाच बसलाय गो. कसा टाकू?"

तू आत्ता म्हणालास ना, की तुम्ही चाळीस जणांनी तळ्यावर दिवे लावले होते नाखवासाठी, सगळे रांगेत उभे राहिलात. आणि पंधरा दिवसांनी नावापुढे हिरवा ठिपका — नाखवा ऑनलाइन आहे. तुमची ती पुण्याची मुलगी खेळ सोडून गेली भीतीने. मला कळतं रे. पण तेराव्याचं सगळं आटपून, पाहुणे गेल्यावर, एक बाई आपल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसली, एवढंच होतं ते. आणि मी? मी मात्र इंटरनेटवर वाचलेलं सगळं आठवत होते — शोक लांबला तर काय करावं, हळूहळू सवय कशी मोडावी. सवय! आईची सवय मोडायला मी आले होते.

मग एक जून उजाडला. सकाळी बघते तर तिने टॅब पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला, जिथे पूर्वी बाबांची जाळी असायची. मी मनात म्हटलं, सुटली! विचारलं, आई, बंद केलंस ना? तर म्हणाली, "बंदी लागली ना. आता नारळी पुनवेला." मी म्हटलं, अगं, ते खोटे मासे आहेत. तर माझ्याकडे असं बघितलं, जशी मी परक्या गावची — "माशांच्या पोटात गाभोळी असते आता, अंडी. इथं असते तशी तिथं पण असल. मितेस नाखवा हाय, त्यानी बंदी मोडली तर लोक काय बोलतील?" आता बोल. सहा वर्षं मी तक्ते काढले, लोकांना बंदी पाळायला कसं लावायचं म्हणून परदेशात भाषणं केली, आणि माझी आई, सातवी शिकलेली, खेळातल्या तळ्याला विश्रांती देत होती.

तुम्हाला नाखवा दोन महिने दिसला नाही तो यामुळे. कुठे गेला नव्हता. बोट वर काढली होती त्याची. पण तुमच्या टोळीचा नियम आहे ना — साठ दिवस जो आला नाही, त्याचं नाव आपोआप कटतं, टोळीच्या घरातली त्याची खोली दुसऱ्याला. आणि आमची बंदी एकसष्ट दिवसांची! वर नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस वेगळेच. तुझा दोष नाही, नियम तो नियम, मशीनने केलं. पण पौर्णिमेला नारळ सोडून आली ती, दुसऱ्या दिवशी लुगडं सोडून टॅब काढला, हळद-कुंकू लावलं त्याला — आणि नाखवा तळ्यावर नव्हताच. कुठल्या तरी वेशीबाहेर उभा. खोली नाही, भिंतीवर त्याने लावलेली ती माशांची पाटी नाही, नावाखाली टोळीचं नाव नाही. ऑक्टोबरात ती रडली नव्हती, हे मला शेजारणीने सांगितलं होतं. त्या दिवशी रडली. आणि माइकचं बटण दाबून बोलली. आपण बोलायचं, तो लिहितो, हे मितेशनेच शिकवलेलं. तुम्ही सगळ्यांनी वाचलंत ते. 'माझं घर कुठे गेलं?'

हो, त्याचमुळे आलास, माहीत आहे. मीही त्याचमुळे आत गेले. खेळात, म्हणजे. माझ्या फोनवर. वर माळ्यावर राहते मी, तिथे बसून एक बाहुलं बनवलं, नाव ठेवलं फिरस्ता, आणि दोन तास धडपडत ती वेस शोधली. वाटलं, बाहेरून मदत करावी, परत तळ्यापर्यंत न्यावं, बस. तिला कळायला नको. का नको? विचारतोस तू — बरोबर विचारतोस. मी स्वतःला सांगितलं, की तिला लाज वाटेल. तिला कसली लाज!

तर बोट कुठे ठेवायचं ते लिहून सांगत सांगत पोचवलं मी तिला तळ्यावर. आणि मग रोज जायला लागले. आठ दिवस. तीन वाजले की मी वर, ती खाली, मध्ये लाकडी फळ्या. आधी तिचा आवाज यायचा खालून — "तू कुणाचा रं पोरा? जेवलास?" — आणि दोन क्षणांनी तीच अक्षरं माझ्या हातात उमटायची, नाखवाच्या डोक्यावर. मितेशच्या तोंडून. तुला नाही कळायचं ते. म्हणजे तुलाच कळेल, दुसऱ्या कोणाला नाही. काटा यायचा अंगावर, आणि तरी मी वाट बघायचे तीन वाजायची. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलणारी बाई फिरस्त्याला सगळं सांगत होती. बाबांची बोट कुठल्या खडकाला लागली ते. मितेशला ताप चढला तेव्हा तो बर्फाचा गोळा मागत होता ते. मी बोटांनी टाइप करायचे — 'मग?' — आणि खालून आवाज यायचा.

काल मी विचारलं, तुम्हाला आणखी कोणी आहे का? कशाला विचारलं? मला काय ऐकायचं होतं? तर ती म्हणाली, "मुलगी हाय. लय शिकली. भावाच्या वक्ताला तिला फोन केला मी, तीनदा केला, पण लागला नाय. तिकडं बर्फ पडतो ना, तारा तुटतात. तिचा काय दोष?" आणि परत आवाज आला — "आता आलीय ती. पण माळ्यावरच असते. लोकांच्या मीटिंगा घेते, माझ्यापाशी बसत नाय. घाबरते वाटतं मला."

लागला होता रे फोन.

तिन्ही वेळा लागला. मी स्टेजवर होते, बर्गनमध्ये, दोनशे माणसं समोर. पहिल्यांदा वाजला तो मी कापला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा फोनच बंद केला आणि हसून माफी मागितली लोकांची. आणि विषय काय होता माहितीय माझ्या भाषणाचा? 'मासळी विकणाऱ्या बायकांचं कोणी ऐकत नाही.' टाळ्या पडल्या. रात्री फोन चालू केला तोवर मितेशला स्मशानात नेलं होतं. मग तिकीट मिळत नाही असं मी म्हणाले, मग प्रबंध, मग आणखी काही — सात महिने. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला का सांगतेय, तू तर टोळीचा नियम समजावायला आलास. पाणी देऊ का? नको?

ऐक, तू म्हणतोस खोली परत देतो, टोळीतल्या सगळ्यांना सांगतो, तिच्याशी नाखवा समजूनच बोला. चांगला आहेस तू. मितेश उगाच नाही तुझं नाव घ्यायचा. खोली दे, ती त्याची होती. पण समजून-बिमजून नको. मितेश गेलाय हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं माहीत आहे, अंगावरचं पांघरूण तिने काढलं त्याच्या. तिला सांगा, काकू, आम्ही मितेशचे दोस्त. नाटक एकच पुरे झालं, माझं.

आज सकाळी ती बाजाराला गेली तेव्हा उजाडलंही नव्हतं नीट. मी पायऱ्यांवर बसून होते. फिरस्त्याला पुसून टाकलं. खेळ विचारतो ना, नक्की? परत येणार नाही हं? — दाबलं. आणि ठरवलं. आज तीन वाजता मी माळ्यावर नसेन. इथे, खाली, गादीवर तिच्या शेजारी बसेन, आणि तिने टॅब हातात घ्यायच्या आधी सांगेन — आई, तारा तुटल्या नव्हत्या. फोन मी कापला. तोंडाने सांगेन, अक्षरांनी नाही. मग ती मला घराबाहेर काढो, नाहीतर नुसती बटण दाबत बसो. शिव्या दिल्या तर बरंच. ती देणार नाही, हीच तर भीती आहे.

किती वाजले? अडीच? मग येईलच ती. नाही, तू थांबू नकोस. तू असलास तर ती तुला चहा करील, मासळी खायला बसवील, मितेशच्या लहानपणच्या गोष्टी सांगेल, आणि मी पुन्हा वर जाईन — मला माहीत आहे माझं. उद्या ये. परवा ये. ऐकतोयस? ओट्यावर टोपली उतरवतेय कोणीतरी. तिचीच. ऊठ, सिद्धेश. जा तू.