सोबतच्या पाकिटावरचा पत्ता

काका: नऊ वर्षं झाली, सिस्टर. धाकट्या भावाचं पत्र आलं होतं. उत्तर दिलं नाही मी.

सिस्टर: आधी बोट द्या, भाऊ नंतर. उद्या ऑपरेशन आहे तुमचं, आज साखर बघायची की नाही?

काका: एकशे चार येईल.

सिस्टर: ज्योतिषी झालात का ग्रंथालय सोडून? हं… एकशे चारच की हो!

काका: परवा किती होती?

सिस्टर: एकशे अठरा. काल एकशे नऊ.

काका: आता हे पत्र बघा. तिसरी ओळ.

सिस्टर: एकशे अठरा, एकशे नऊ, एकशे चार… काका, हे तुम्ही आत्ता लिहिलंत.

काका: शाई बघा. विटून गेलीय.

सिस्टर: सकाळी सकाळी अंगावर काटा आणू नका. त्यांनाही डायबेटीस होता?

काका: डायबेटीस, आणि आतड्याचा कॅन्सरही. माझ्यासारखाच. पुढचं तुम्ही वाचा, मला नाही वाचवत.

सिस्टर: 'दादा, संध्याकाळपासून पोटात काही घेत नाही, म्हणून सकाळचे आकडे असे गुणी येतात. खरी साखर कितीतरी वर आहे. डॉक्टरांना सांगू का? सांगितलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील, गाठ वाढेल. तू एवढं वाचतोस, तूच सांग. सोबतच्या पाकिटावर पत्ता मीच लिहिलाय, म्हणजे तुला आळस करता येणार नाही.' मग?

काका: मी पुस्तकं उघडून बसलो. आपण चुकीचं सांगितलं तर, असं वाटत राहिलं. तोवर त्याचं ऑपरेशन झालंसुद्धा. सहाव्या दिवशी आतड्याचा जोड सुटला. तो परत घरी आला नाही.

सिस्टर: महिनोन्महिने साखर चढलेली असली की जखम लवकर भरत नाही, जंतूंचं फावतं. म्हणून तर आम्ही… काका, रात्री जेवलात ना? ताट तर रिकामं परत गेलं.

काका: शेजारच्या खाटेवरच्यांनी खाल्लं ते. तिन्ही दिवस.

सिस्टर: अहो! आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट? घरी राहिला म्हणालात.

काका: या पुस्तकात आहे. खूण म्हणून घातलाय. साडेदहा.

सिस्टर: साडेदहा टक्के! आठच्या आत हवी ती, आणि उद्या टेबलावर झोपणार होतात! एवढं वाचलंत, ते गेलं कुठे?

काका: मलाही तीच भीती होती हो. पुढे ढकलतील, गाठ वाढेल.

सिस्टर: किती थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. पण खोट्या आकड्यांवरून कसं ठरवायचं त्यांनी?

काका: सांगा त्यांना. आणि एवढं टाकाल टपालपेटीत? त्यानंच दिलेलं पाकीट. आत एकच शब्द लिहिलाय, 'सांग'.

सिस्टर: या पत्त्यावर आता कोण राहतं?

काका: कुणी नाही. घरच पाडलं.

(तासाभराने.)

सिस्टर: डॉक्टर रागावले, पोटभर. तीन आठवडे पुढे गेलं ऑपरेशन. आजपासून इन्सुलिन, आणि जेवायचं माझ्यासमोर.

काका: बरं. पत्र?

सिस्टर: टाकलं. फाटकाजवळच्या पेटीत.

काका: मग हात का चोळताय?

सिस्टर: पेटी नुकतीच रिकामी करून गेले होते. पत्र पडल्याचा आवाज यायला हवा होता.

काका: नाही आला?

सिस्टर: नाही. आतून कुणी हळूच हातातून घ्यावं, तसं गेलं.