उपयोग अज्ञात

आमी मूळचे अकोटचे. माझे बाबा आधी जिनात होते, म्हणजे कापसातली सरकी वेगळी अन् रुई वेगळी करतात तिथं, गाठी उचलता उचलता त्यांची कंबर गेली, मंग कोणाच्या तरी ओळखीनं ते अकोल्याले एका संस्थेच्या वस्तुसंग्रहालयात शिपाई म्हणून लागले. संग्रहालय म्हणजे काय सांगू तुम्हाले, तीन खोल्या अन् एक व्हरांडा. शेतीची अवजारं, दिवे, कुलपं, धान्याची मापं, खेड्यापाड्यातल्या लोकांनी दिली तशी मांडून ठेवलेली. पाट्या नव्हत्या. काही विचाराचं असलं तर बाबाले विचारा.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिक नाही. मी बी.ए. झाली, इतिहास घेऊन, अमरावतीले होस्टेलात राहून. हे मी आजही मान वर करून सांगते, काहून नाही सांगू? निकाल लागला त्या दिवशी बाबांनी संग्रहालयात येणाऱ्या एकेका माणसाले पेढा दिला, बैलाच्या घुंगरमाळा पाहाले आलेले लोक पेढा खात घरी गेले. पण त्याच शिक्षणाच्या तोऱ्यात माझ्या हातून जे झालं तेही सांगते, अर्धं सांगून अर्धं झाकाची मले सवय नाही.

बाबांची पद्धत अशी होती. खेड्यातल्या बाया बाजाराले येत, ऊन लागते म्हणून आत शिरत, तर बाबा सरतं काढून त्यांच्या हातात देत. सरतं म्हणजे बांबूची नळी, वर वाटीसारखं लाकूड, ते पेरणीच्या तिफनीच्या मागं दोरीनं बांधतात अन् बाई त्यात मुठीनं दाणे सोडत चालते. बाबा म्हणत, धर वं बाई, चालून दाखव. मंग ते बाई त्या फरशीवरून पेरत पेरत चाले, अन् बाकीच्या मागून म्हणत, तास वाकडा जाऊन राहिला वं तुया, नवऱ्याकडे पाहून पेरते काय? तीही कमी नसे, म्हणे, त्या नवऱ्याकडे पाहून पेरलं असतं तर उगवलंच नसतं. हसणं बाहेर रस्त्यावर ऐकू जाय. मी सुट्टीत गेली का मले हे सगळं गावठी वाटे. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे.

साहेब होते तिथले, भला माणूस. ते बाबाले म्हणाले, तुमची मुलगी शिकलेली आहे, तिच्याकडून पाट्या लिहून घ्या. मले काय आनंद झाला म्हणून सांगू! कॉलेजातून जाडी जाडी पुस्तकं आणली, काळी शाई आणली, अक्षर माझं चांगलंच होतं. सरत्याच्या पाटीवर मी लिहिलं, बीजपेरणी नलिका. बाबा म्हणाले, वाचून दाखव. दाखवलं. म्हणाले, हे कोणाचं नाव होय? सरत्याले सरतं लिही ना. मी म्हटलं, बाबा, ते बोलाचं, लिहाची भाषा वेगळी असते. ते म्हणाले, असं काय. बस, असं काय, एवढंच.

मधल्या खोलीत एक लाकूड होतं. हातभर लांब, बाभळीचं, कोणाच्या तरी हातानं वापरून वापरून गुळगुळीत झालेलं, एका टोकाले वाकडं, अन् दोन भोकं, एक अंगठा जाईन एवढं अन् एक करंगळीएवढं. माझ्या पुस्तकांत त्याचं चित्र नव्हतं. बाबाले विचारलं. त्यांनी नाव सांगितलं अन् ते कसं धरत, कसं फिरवत, ते दाखवाले लागले. आता नाव असं होतं का आमच्या खेड्यात त्यात काही वावगं नाही, म्हातारी माणसंही घेतात, पण शहरातल्या कानाले ते शिवीसारखं लागीन. बाबा ते नाव घेत तवा बायासुद्धा तोंडाले पदर लावत. मले वाटलं, हे मी सायबासमोर काळ्या शाईनं लिहू? बी.ए. झालेली मुलगी? मी म्हटलं, राहू द्या बाबा. अन् लिहिलं, लाकडी वस्तू, उपयोग अज्ञात. अज्ञात हा शब्द मले त्या वयात फार आवडे.

साहेब खूश झाले. मंग मीच त्यांना म्हटलं का आता बाबाले सांगत फिराची गरज नाही, लोक वाचतीन. हात लावू नये, ही पाटीही माझीच. खोटं नाही सांगत, मनात हेही होतं का बाबांची कंबर दुखते, खुर्चीवर बसतीन. ते बसले. दाराजवळ खुर्ची टाकून बसले ते रिटायर होईपर्यंत. कोणी बाई विचारे, भाऊ, हे काय होय? तर ते म्हणत, तिथं लिहिलं आहे बाई. बाई म्हणे, मले वाचता नाही येत. बाबा म्हणत, मलेबी नाही येत. दोघं हसत, अन् ते बाई निघून जाय. हे मले आईनं सांगितलं, ते पण माझ्या लग्नानंतर.

लग्न होऊन मी अमरावतीले आली, कॉलेजच्या ग्रंथालयात लागली, अन् मले नाद लागला असल्या लहान लहान संग्रहालयांचा. जुन्या शहरात एका घरात दोन खोल्यांत दिवे मांडलेले आहेत असं कळलं का मी चालली. आमचे हे म्हणतात, तू जा तुह्या भंगारात, मी चहा पेतो. प्रत्येक पाटी वाचाची, चूक सापडली का वहीत लिहून आणाची, असा माझा रुबाब. मंग एकदा सेमाडोहच्या जंगलात गेलो होतो. तिथं एका दालनात बांबूचं विणलेलं काही होतं, पाटीवर लिहिलं होतं, मासे पकडण्याचे साधन. मी वाचून पुढं सरकली, तर तिथला राखणदार, कोरकू आदिवासी माणूस, मागून म्हणतो, मॅडम, माझी माय हे उलटं लावायची. अन् त्यानं सांगितलं, पाणी कोणत्या अंगानं आत येते, कोणता मासा शहाणा अन् कोणता भोळा, मायनं एकदा मासा समजून सापच कसा घरी आणला. आमचे हे दोनदा बोलवाले येऊन गेले. मी हसली, खूप हसली, अन् बाहेर येऊन गाडीत बसली तर रडूच आवरेना. हे म्हणतात, काहून, काय झालं? काय सांगू? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी पाट्या वाचत फिरून राहिली, अन् ज्याचं ऐकाचं त्याले मीच खुर्चीवर बसवलं.

ते लाकूड तेव्हापासून डोक्यातून जाईना. नाव आठवून पाहिलं. घ पासून होतं एवढं वाटते, तेही पक्कं नाही. बाबा आता ऐंशीच्या वर, अकोटले भावाकडे राहतात, फार मागचं आठवते पण मधलं पुसत चाललं. मागच्या दिवाळीत त्यांना घेऊन एसटीनं अकोल्याले गेली. खोल्या तशाच, पाट्या पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर माझं. बाबा आत आले अन् असे खुलले! नव्या शिपायाले म्हणतात, या पाट्या माह्या पोरीनं लिहिल्या. एकेका पाटीवर बोट ठेवत चालले. वस्तूकडे पाहतच नव्हते हो, पाट्या दाखवत होते.

मधल्या खोलीत मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं, ते लाकूड उचलून त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, बाबा, हे काय होय? त्यांनी ते फिरवलं. अंगठा आपोआप मोठ्या भोकात गेला, मनगट दोनदा वळलं, तोंड उघडलं. मी मोबाइल जवळ नेला. तर म्हणतात, पाटीवर काय लिहिलं आहे वं?

काय करू? वाचलं. उपयोग अज्ञात.

अज्ञात म्हणजे?

कोणालेच माहीत नाही, असं.

त्यांनी लाकूड हळूच जागेवर ठेवलं. म्हणाले, मंग नसन माहीत कोणाले. तू पाहूनच लिहिलं असशीन.

आता त्या लाकडाचा फोटो घेऊन मी खेड्यांत म्हाताऱ्या बायांना विचारत फिरते. त्या मोबाइल हातात घेतात, डोळे बारीक करून पाहतात, अन् म्हणतात, तुमी शिकलेल्या बाई, आमाले काय विचारता. चांगली माणसं आहेत, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. नवे साहेब म्हणतात, मॅडम, पाटी बदलून द्या. काय लिहू पण? पाटी काढून आणली तेवढी, तिथं आता काहीच नाही.

बाबा बरे आहेत. जेवतात, दारात बसतात. मी निघाली का पाया पडते, ते डोक्यावर हात ठेवतात अन् दर वेळी तेच म्हणतात, लिहीत राय बाई, तुयं अक्षर चांगलं आहे.