बदरुन्निसाच्या नावावरची खाट

सिराजुद्दीन : महिला वॉर्डात बदरुन्निसा सिराजुद्दीन परकार दाखल आहे. आणि तू इथे भाकऱ्या थापतेस.

बदरुन्निसा : हात धुवा. आधी जेवून घ्या.

सिराजुद्दीन : बदरू, मी त्या हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर बसतो. माझ्याच स्क्रीनवर माझ्या बायकोचं नाव आलं. घरी फोन लावला, तर तू उचललास! कोण झोपलीय तिथे तुझ्या नावावर?

बदरुन्निसा : खुर्शीद.

सिराजुद्दीन : कोण खुर्शीद?

बदरुन्निसा : आता कोण खुर्शीद! आपल्या केळशीची. आमच्या भिंतीला भिंत तिच्या घराची. धाहरानला एका घरात कामाला हाय. सकाळी तुमच्याच खिडकीवर आली होती, पोट धरून. तुम्ही इकामा मागितलात, इथे राहायचा परवाना. ती म्हणाली, मॅडमकडे हाय, मॅडम देत नाय. तुम्ही म्हणालात, बाजूला व्हा, मागे लाइन आहे.

सिराजुद्दीन : बुरख्यातल्या किती बायका येतात दिवसभरात. मी कशी ओळखणार?

बदरुन्निसा : तोंड झाकलेलं होतं, बोली नाय. दम्मामात आपल्या गावची बोली बोलणाऱ्या किती बायका येतात तुमच्या खिडकीवर?

सिराजुद्दीन : ओळखली असती तरी काय केलं असतं मी? इकाम्याचा नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे सरकत नाही.

बदरुन्निसा : इमर्जन्सीत घेतात म्हणे सगळ्यांना.

सिराजुद्दीन : इमर्जन्सी आहे की नाही ते डॉक्टर ठरवतो. डॉक्टरकडे जायला फाईल लागते. फाईल उघडायला इकामा लागतो. हा नियम मी नाही केला.

बदरुन्निसा : नाय, तुम्ही फक्त लोकांना वाचून दाखवता.

सिराजुद्दीन : आणि तू काय केलंस?

बदरुन्निसा : ती टॅक्सी करून इथे आली. जिन्यातच बसली. अंग नुसतं भाजत होतं. मी माझं इकाम्याचं कार्ड घेतलं आणि तिला मागच्या दाराने, इमर्जन्सीत नेली. तिथल्या माणसाने कार्ड बघितलं, बुरखा बघितला, आत घेतली. तीच बाई, तेच पोट. सकाळी जागा नव्हती तिला, दुपारी झाली.

सिराजुद्दीन : अपेंडिक्स आहे तिला. आजच ऑपरेशन करणार आहेत.

बदरुन्निसा : अल्लाचे उपकार!

सिराजुद्दीन : बदरू, आपली पोरगी इफरा कुठे झाली?

बदरुन्निसा : तिथेच की. का?

सिराजुद्दीन : दोन हजार दोन साली. सिझर. तुझी जुनी फाईल आहे तिथे. आता डॉक्टर फाईल वाचणार, ह्या बाईचं सिझर झालंय. मग पोट बघणार. पोटावर खूण कुठे आहे?

बदरुन्निसा : या अल्ला. हे मला सुचलंच नाय.

सिराजुद्दीन : मग विचारणार, कार्ड कुणाचं? हिचा नवरा कोण? नवरा खाली खिडकीवर बसलेलाच आहे. जेल, मग देशाबाहेर. तुला, मला, तिलासुद्धा. तिची मॅडम तर सकाळीच पोलिसांत गेली असेल, मोलकरीण पळाली म्हणून.

बदरुन्निसा : त्या मॅडमला ती परवापासून सांगत होती, पोटात कळा येतात. मॅडम म्हणाली, लिंबूपाणी पी, संध्याकाळी पाहुणे आहेत.

सिराजुद्दीन : ऊठ, बुरखा घाल. तिला म्हणावं, नर्सला सांग, दुखायचं थांबलं, घरी जाते. सूकच्या बाजारातल्या क्लिनिकात नेऊ. तिथला डॉक्टर ओळखीचा आहे, कागद मागत नाही.

बदरुन्निसा : क्लिनिकात ऑपरेशन करतात?

सिराजुद्दीन : चल म्हणतोय ना!

(महिला वॉर्ड. पडद्याआड खुर्शीदची खाट. सिराजुद्दीन वॉर्डाच्या दाराबाहेर थांबलेला.)

खुर्शीद : बदरू? ये गो, बस. बघ कशी मऊ गादी हाय.

बदरुन्निसा : कसं वाटतं आता?

खुर्शीद : सुई दिली, जरा हलकं झालं. डॉक्टर मिस्री हाय, इजिप्तचा. 'मदाम बद्रुन्निसा' म्हणतो मला. मदाम! दोन वर्षांत कोणी नावाने हाक मारली नव्हती, आज मारली तर ते नाव तुझं.

बदरुन्निसा : नर्स काय म्हणाली?

खुर्शीद : केरळची हाय. पोटावर हात फिरवला, फाईल बघितली, परत हात फिरवला. मग हळूच विचारते, "ऑपरेशन का निशान किधर है?" मी म्हटलं, मिट गया.

बदरुन्निसा : मग?

खुर्शीद : माझ्या अंगावर चादर सारखी केली. जाताना म्हणाली, मी काय बघितलं नाय, पण डॉक्टर बघेल. तुझं तोंड असं का झालंय? सिराजभाई आलेत ना?

बदरुन्निसा : बाहेर हायत. क्लिनिकात नेऊ म्हणतात तुला. ओळखीचा डॉक्टर हाय तिथे.

खुर्शीद : तुला काय वाटतं?

बदरुन्निसा : मला... आमच्या पोराची, शादाबची दहावी हाय गो ह्या वर्षी.

खुर्शीद : हां.

बदरुन्निसा : तू नको म्हण, खुर्शीद. तू नको म्हणालीस तर मी इथून हलणार नाय. मग काय व्हायचं ते होऊ दे.

खुर्शीद : मी कशी नको म्हणू? खाट तुझ्या नावावरची. उशीखाली तुझं कार्ड हाय, घे.

बदरुन्निसा : खुर्शीद...

खुर्शीद : घे म्हणते ना. आणि मला बुरख्याची बाही घालून दे. हात वर होत नाय.

* * *

(काही दिवसांनी. सिराजुद्दीनचं घर.)

सिराजुद्दीन : खुर्शीदचा इकामा मिळाला.

बदरुन्निसा : कोणी दिला?

सिराजुद्दीन : मॅडमने. दफनाच्या परवानगीला लागतो असं पोलिसांनी कळवलं. लगेच ड्रायव्हरच्या हाती पाठवून दिला, पासपोर्टसकट. मुदत अजून शिल्लक होती.

बदरुन्निसा : चांगली हाय मॅडम. क्लिनिकवाला पण चांगला. हात न लावताच म्हणाला, हॉस्पिटलात न्या.

सिराजुद्दीन : परत नेलं तेव्हा आत घेतलंच की त्यांनी. बेशुद्ध माणसाला कोणी इकामा विचारत नाही. पण अपेंडिक्स आत फुटलं होतं. पहाटेपर्यंत धडपडत होते डॉक्टर.

बदरुन्निसा : म्हणजे बेशुद्ध पडली तेव्हा नियमात बसली.

सिराजुद्दीन : बोल, अजून बोल मला. मीच हलवली तिला तिथून.

बदरुन्निसा : तुम्हांला एकट्याला नाय बोलत. कार्ड मी घेतलं. तिने घे म्हटलं, न् मी घेतलं. पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली, मग तिला उठवली.

सिराजुद्दीन : आज एक बांगलादेशी आला होता खिडकीवर. हाताला टॉवेल गुंडाळलेला, रक्ताने भिजलेला. इकामा मालकाकडे, कफीलकडे, आणि कफील बहरीनला.

बदरुन्निसा : मग?

सिराजुद्दीन : मागे लाइन होती.

बदरुन्निसा : केळशीहून फोन आला होता. खुर्शीदच्या आईचा.

सिराजुद्दीन : तिला कळलं?

बदरुन्निसा : जमातवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हातारी रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, माझ्या पोरीला दवाखान्यात तरी नेली होतीत ना?

सिराजुद्दीन : काय सांगितलंस?

बदरुन्निसा : सांगितलं, दोनदा नेली.