बुधवारची खोली

अक्कलकुव्याच्या स्टँडवर बस लागत नव्हती. माझ्या मागच्या बाकावर लॉजवर काम करणाऱ्या दोघी बसल्या होत्या, जुनी भिकुबाई आणि नवीन लागलेली रूपा. बोलायला रूपानेच सुरुवात केली.

“भिकुमाय, काल कोपरानी खोली मी एक नवा माणूसले दिधी. बाकीन्या भरेल व्हत्यात.”

“ती खोली बियाणंवाला शेटनी शे. काल बुधवार, त्याना दिन व्हता. मालकनी सांगं नही का तुले?”

“पण शेट तं दिवाळीमां मरी गया ना?”

“मरी गया म्हणीसन काय व्हयनं? जन्मभर दर बुधवारले आठेच ऊना. त्याले कधी आधार कार्ड मांगं नही, घरनाच माणूस तो. आजून टॉवेल ठेवतस, चहा ठेवतस.”

“चहा बिनसाखरना का?”

“हा. तुले कोणी सांगं?”

“तो नवा माणूस काल रातले तोच मांगना. म्हणे, भिकुमायना हातना पाहिजे.”

“मन्ही तं काल सुट्टी व्हती.”

“म्हणीसन तं इचारस. तुम्ही त्याले वळखतस का?”

“नही.”

“जाताना सांगी गया, आते दर बुधवारले हाईच खोली ठेवा.”

बस लागली. भिकुबाई उठली, पिशवी काखेत घेतली.

“मंग पुढला बुधवारले टॉवेल दोन ठेवजो.”