लाल जागा

— हलू नका म्हटलं ना, मेट्रनबाई! खुब्याला टाके आहेत तुमच्या. कुशीवरच राहा, मी वाकून बघते पाठ... हं. माकडहाडावर लाल झालंय, बोटानं दाबलं तरी लाली जात नाही. काय म्हणता? चोळू? स्पिरिट लावून, पावडर टाकून, जोरात? — अहो, रिटायर झालात तरी हुकूम सोडायची सवय काही जात नाही! चोळते की. तुम्हीच सांगताय म्हटल्यावर मला कोण बोलणार? माझ्या आईची पाठ तुम्ही अशीच चोळलीत, याच वॉर्डात, स्वतःच्या हातांनी — "रक्त खेळायला हवं, पोरी" — आठवतं? कशाला आठवेल! तुमच्या हाताखालून शेकडो पाठी गेल्या, मला आई एकच होती. मी तेव्हा इथंच नवीन नर्स, वाचलेलं सांगायला आले की लाल जागा चोळू नये, आतून इजा होते, नुसतं कूस बदलत राहावं — तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पंडितीणबाई, पुस्तकं वाचून पाठी बऱ्या होत नाहीत." हसले सगळे. जखम हाडापर्यंत गेली. आई तापातच गेली.

मग मी संशोधन करायला शिकले. तुम्हाला वाटलं बढतीसाठी, हो ना? छे! तुम्हाला खोटं पाडायला. वॉर्ड माझ्याकडे आला तसं चोळणं बंद केलं, शेजारच्या वॉर्डात तुमचं चालूच होतं, आणि दोन्हीकडच्या पाठी तपासायला बाहेरची सिस्टर आणली — कुठं काय करतात ते तिला कळूच दिलं नाही. का? कारण मला जिंकायचंच होतं हो, इतकं की माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. आणि जिंकले! माझ्या वॉर्डात जखमा कितीतरी कमी निघाल्या. तुम्ही रिटायर झालात आणि पाठोपाठ सगळ्या इस्पितळातलं चोळणं बंद झालं. कुणी सांगितलंच नाही वाटतं तुम्हाला?

कपाटाकडे काय बघताय? स्पिरिटची बाटली अजून आहे त्या कपाटात. मघाशी हातात घेतली होती मी, तुम्ही झोपला होतात तेव्हा, झाकणही काढलं — जाऊ दे, नको ते बोलले. नाही चोळणार. तुमची पाठ धड राहणार, मेट्रनबाई, माझ्या पद्धतीनं. घरी जाऊन तिच्यावर निवांत निजा, आणि निजताना रोज आठवा — ही कुणी राखली, आणि कुणाची राहिली नाही.

आता कूस बदला, मी धरते. त्या बाजूला, भिंतीकडे. मला तुमचं तोंड बघायचं नाहीये.